मोजलं की पुरतं

आज पदवी घ्यायला आलेल्या मित्रमैत्रिणींनो, आणि सकाळपासून रांगेत उभे राहून आत आलेल्या आईवडिलांनो,

माझं बालपण दुष्काळी तालुक्यातल्या एका वाडीत गेलं. उन्हाळ्यात टँकर यायचा आणि आटलेल्या विहिरीत रिकामा व्हायचा. त्याची घरघर ऐकू आली की तव्यावरची भाकरी तशीच सोडून बायका धावत सुटायच्या. वीस-पंचवीस पोहरे एकदमच विहिरीत पडायचे. एकमेकांवर आदळायचे, दोरांचा गुंता व्हायचा, वर येता येता अर्धा पोहरा हिंदकळून सांडायचा. तळाचा गाळ ढवळून निघायचा. थोड्याच वेळात विहिरीत चिखल उरायचा आणि काठावर ओली माती. आई एक हंडा घेऊन परतायची, बहुतेक वेळा कोपर खरचटलेलं असायचं.

पाणी कमी होतं, हे खरंच. पण जे होतं त्यातलंही बरंचसं आम्ही सांडलं. ‘आपल्याला मिळणार नाही’ या धास्तीनं सांडलं.

चणचण माणसाच्या डोक्याचं काय करते, हे काही अभ्यासकांनी तपासून पाहिलं आहे. सेंधिल मुल्लैनाथन, एल्डर शफीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांचा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध केला. उसाचे पैसे यायच्या आधी, ओढाताणीच्या दिवसांत, त्यांनी शेतकऱ्यांना कोडी सोडवायला दिली. पैसे हाती आल्यावर त्याच शेतकऱ्यांना पुन्हा दिली. माणसं तीच, पण ओढाताणीच्या दिवसांत त्यांची उत्तरं जास्त चुकली. त्यांची अक्कल कुठे गेली नव्हती, ती विवंचनेत गुंतून पडली होती.

म्हणून ‘मन मोठं करा, सगळं मिळेल’ असला उपदेश मी आज करणार नाही. रिकामा हंडा घेतलेल्या बाईला मन मोठं करायला सांगणं हा अगोचरपणा आहे. आपली पाळी येईल आणि आली की पाणी असेल, एवढी खात्री तिला हवी असते. ती खात्री कशी तयार होते, हे पाहायचं तर पुरंदर तालुक्यातल्या नायगावला जाऊ.

1972 च्या दुष्काळात विलासराव साळुंखे नावाचे पुण्यातले एक इंजिनीअर या भागात फिरले. दुष्काळी कामांवर माणसं खडी फोडत होती. कामाने पोट भरत होतं, पण पुढच्या उन्हाळ्याची सोय होत नव्हती. साळुंख्यांनी नायगावात देवस्थानची सुमारे 40 एकर माळरान जमीन कराराने घेतली. उतारावर बांध घातले, पाझर तलाव केला, खाली विहीर खणली आणि पाणी पंपाने वर उचललं. त्या माळावर पीक उभं राहिलं.

इथपर्यंतचं काम हुशार इंजिनीअरचं. त्यापुढे आली ती पाणी पंचायत, आणि साळुंख्यांचं मोठेपण तिथे आहे. तिचे नियम असे : पाण्याचा वाटा जमिनीवर ठरवायचा नाही, घरातल्या माणसांवर ठरवायचा. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. ज्याची जमीन वीस एकर त्यालाही हाच हिशेब. ज्याच्याकडे गुंठाभरही जमीन नाही त्यालाही पाण्याचा हक्क, कारण तो दुसऱ्याची जमीन वाट्याने करू शकतो. आणि ऊस लावायचा नाही.

शेवटचा नियम कडू वाटतो, पण सगळी मेख त्यातच आहे. एक एकर ऊस जेवढं पाणी पितो, तेवढ्यात ज्वारी-बाजरीचे कितीतरी एकर भिजतात. पाऊस वाढला नव्हता. आभाळातून पडायचं तेवढंच पडत होतं. पण आधी अडवलं, मग मोजलं, मग वाटलं, आणि जे एका-दोघांनाही अपुरं वाटायचं ते अनेकांना पुरलं. माझ्या लेखी समृद्धीची सुरुवात इथून होते. शेजाऱ्याचा वाटा किती आणि आपला किती, हे दोघांनाही ठाऊक असलं की एकदम पोहरे टाकायची गरज उरत नाही.

आता तुमच्याबद्दल. बाहेर जागा शंभर आणि अर्ज लाख, हे मला ठाऊक आहे. गोड बोलून ते आकडे बदलणार नाहीत. पण आयुष्यात दोन प्रकारच्या गोष्टी असतात. काही वाटल्या की विभागल्या जातात : पाणी, जमीन, नोकरीची जागा. त्या मोजून, नियमाने वाटाव्या लागतात. काही वाटल्या की वाढतात. आपली गफलत अशी की दुसऱ्या प्रकारच्या गोष्टीही आपण पहिल्यासारख्याच कुलूपबंद ठेवतो.

अभ्यासिकेत शेजारी कोणी बसलं की वहीवर हात आडवा ठेवणारा मुलगा तुम्ही पाहिला असेल. मीही तो होतो. माझ्या वहीतलं एक गणित मुळातच चुकलं होतं, आणि वही कुणाला दाखवली नाही म्हणून ते परीक्षेपर्यंत चुकलेलंच राहिलं. हात आडवा ठेवून मी माझीच चूक सांभाळली.

तेव्हा तीन कामं सांगतो. आपल्याला नेमकं किती लागतं, ते एकदा कागदावर मांडा. आकडा न मांडलेली गरज कधीच भागत नाही. जे वाटल्याने वाढतं ते हातचं न राखता द्या : कामातली खुबी, चुकांचा अनुभव, धाकट्यांसाठी एका फोनवर केलेली शिफारस. आणि उद्या पाणी, पैसा, जागा वाटायची खुर्ची तुमच्याकडे आली, तर ज्याच्या नावावर जमीन नाही त्याचं नाव आधी यादीत घाला.

माझी आई आता थकली आहे. घरात चोवीस तास नळ आहे. तरी पाहुण्याला ती फुलपात्र अर्धंच भरून देते. नातवंडं तिला हसतात. मीही बरीच वर्षं समजत होतो की विहिरीवरची भीती तिच्या हातातून अजून गेली नाही. एकदा नीट ऐकलं. पाणी पुढे करताना ती दर वेळी म्हणते, “घे, लागलं तर आणखी आहे.”

अर्धं भरते ते सांडू नये म्हणून. आणि आणखी आहे, हे सांगायला ती एकदाही विसरत नाही.

तुम्हा सर्वांचं अभिनंदन. या, आता आपापली पदवी घ्या.