तळ्याचें पाणी कोठून येतें?



मेहरूणचा तलाव ठाऊक नाहीं असा जळगांवकर विरळा. त्याच्या कांठीं सकाळीं फिरावें, थंडींत मेहरूणचीं बोरें चाखावीं, हें आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. एके काळीं शहरास याच तलावाचें पाणी नळानें मिळे. आज तें वाघूर धरणांतून येतें. तलाव आतां शोभेचा झाला, आणि शोभेच्या वस्तूचें मूळ कोणी शोधीत नाहीं.

मास्तरकींत असतांना मीं मुलांस विचारलें, "या तळ्याचें पाणी कोठून येतें?" एक म्हणाला, "आभाळांतून." उत्तर खरें, पण अपुरें. खुद्द तळ्यावर पडणारा पाऊस तो किती? बाकीचें पाणी वरच्या माळांवरून, शेतांतून, ओहोळांनीं येतें. ती वरची जमीन राखली तरच तळें राहील.

इंग्लंडांत खडूच्या खडकाच्या टेकड्या आहेत. तो खडक हिंवाळ्याचा पाऊस शोषून घेतो आणि निर्मळ झऱ्यांच्या रूपानें वर्षभर सोडतो. अशा नद्या जगांत थोड्या, व त्यांतील बहुतेक त्याच देशांत. तरी भूगर्भांतील पाण्याचा उपसा वाढला, तेव्हां त्यांतल्या कित्येक रोडावल्या.

आपल्या पायांखालीं तर कठीण काळा खडक. पाणी मुरतें तें त्याच्या भेगांत व वरच्या मुरुमांत. पाऊस सुमारें ७० सेंटिमीटर, तोहि बहुतेक चार महिन्यांत. सातपुड्याच्या पायथ्याशीं, यावल-रावेरकडे, पाणी भराभर मुरविणारा दगडगोट्यांचा पट्टा निसर्गानें दिला. पण केळीच्या बागांसाठीं इतका उपसा झाला कीं तेथेंहि विहिरी खोल गेल्या. ज्याची तिजोरी लहान, त्यानें तर हात आंखडताच ठेवावा.

दोन पावसाळ्यांपूर्वीं मी तळ्याच्या वरच्या अंगास गेलों. पूर्वीं मुलांना दाखविलेला एक ओहोळ दिसेना. त्यावर भराव घालून प्लॉट पाडले होते. तेथला गृहस्थ म्हणाला, "मास्तर, उन्हाळ्यांत यांत थेंब नसे, हा नाला कसला?" त्याला वैशाख दिसला, आषाढ दिसला नाहीं.

म्हणून माझी विनंति एवढीच. जागा घेतांना पाण्याची वाट कोठून जाते हें अगोदर विचारा. ओहोळाच्या कांठचें गवत व झाडें राखा, त्यांत सांडपाणी सोडूं नका, आणि अंगण सबंध फरशीनें झांकूं नका. येत्या पावसाळ्यांत मुलांना तळ्यावर न्याल, तेव्हां कांठावरच थांबूं नका. ओहोळ धरून थोडें वर चढा, आणि त्यांनाच विचारा, "हें पाणी कोठून येतें?"