बक्षीसपत्र, घरपट्टी आणि पंधरा दिवसांचा दाखला

चुलीवर भाकरी असेल तर ती करता करताच ऐका, फक्त रेडिओचा आवाज थोडा मोठा करा.

मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक हप्त्यांसाठी बसली आणि उठली कागदांवरून. एकीच्या डोळ्यांत पाणी, दुसरी रागावलेली आणि तिसरीला लेकीच्या कॉलेजची घाई. तिघींचं दुखणं वेगळं, पण प्रत्येकीसाठी शासनाने काहीतरी करून ठेवलंय आणि ते आम्हाला अर्धवटच ठाऊक होतं. म्हणून आज हे बोलणं.

आधी डोळ्यांतल्या पाण्याचं. आमच्या गटातल्या आजींनी नवरा गेल्यावर दीड एकर आणि राहतं घर धाकट्याच्या नावावर बक्षीसपत्राने करून दिलं. "सांभाळीन" असं तो तोंडाने म्हणाला. कागदावर ते कुणी लिहिलंच नाही. आता आजी कधी लेकीकडे, कधी थोरल्याकडे. पिशवी उचलायची आणि निघायचं.

2007 साली आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा व कल्याणाचा कायदा झाला. कायदा केंद्राचा, पण तो चालवायचा राज्याने. 60 वर्षांवरच्या माणसाला स्वतःचा खर्च भागवता येत नसेल तर मुलांकडून पोटगी मागता येते. आईबापांना तर 60 ची अटसुद्धा नाही. अर्ज प्रांतसाहेबांपुढच्या न्यायाधिकरणात करायचा. त्यासाठी वकील लावावाच लागतो असं नाही. महिन्याला 10,000 रुपयांपर्यंत रक्कम ठरू शकते आणि समोरच्याला नोटीस लागल्यापासून 90 दिवसांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो.

हे वाचून दाखवलं तेव्हा आमच्यातल्या दोघी-तिघी फणकारल्याच. "म्हणजे राबायचं आम्ही आणि कायदाही आमच्यावरच?" त्यांचं बोलणं अगदीच चूक नव्हतं. अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं कोण करतं, ते आपल्याला माहीत आहे. पण कायदा नीट वाचला तर 2007 च्या त्या मजकुरात जबाबदारी मुलगा, मुलगी, नातू आणि नात यांच्यावर टाकलेली आहे, सुनेचं नाव त्यात नाही. आणि मुलगी आहे, हेही ऐकून ठेवा. लग्न झालं म्हणून आईची जबाबदारी सुटली असं नाही. हे ऐकून बैठक जरा गप्प झाली.

त्याच कायद्याचं 23 वं कलम प्रत्येकीने घरी जाऊन सांगावं असं आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ केला नाही, तर ते देणं रद्द करून मागता येतं. मात्र 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशी अट होती हे दिसलं पाहिजे. जानेवारी 2025 च्या दुसऱ्या एका निकालात त्याच न्यायालयाने, हा कायदा म्हाताऱ्या माणसांच्या भल्यासाठी आहे, त्याचा अर्थ उदारपणे लावावा, असं म्हटलं. त्या प्रकरणात आईने मुलाला दिलेलं बक्षीसपत्र रद्द झालं. पण तिथेसुद्धा सांभाळाचं लेखी होतं. म्हणून आमचं म्हणणं एवढंच, दुय्यम निबंधकाकडे अंगठा उठवण्याआधी "मी जिवंत असेपर्यंत अन्न, वस्त्र, औषध आणि या घरात राहणं" हे कागदावर लिहून घ्या. लेक चांगला असेल तर त्याला त्यात वाईट वाटायचं कारण नाही. आजींनी पोटगीचा अर्ज केलाय. लेकाविरुद्ध सही करताना त्यांचा हात थरथरला, दोन वेळा पेन खाली ठेवलं. आम्ही घाई केली नाही.

आता राग. आमचा सातारा जिल्हा सैनिकांचा. पहिल्या महायुद्धात एकट्या आपशिंग्याचे 46 जवान कामी आले, त्या गावाला मिलिटरी आपशिंगेच म्हणतात. आमच्या गटातल्या फौजीण काकू इतकी वर्षं पेन्शनमधून घरपट्टी भरत होत्या. 2020 मध्ये राज्य शासनाने माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना एका घराची घरपट्टी माफ केली, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला जोडून ग्रामपंचायतीत अर्ज द्यायचा. एक फरक लक्षात ठेवा. हा शासन निर्णय आहे, कायदा नाही. निर्णय बदलू शकतो, म्हणून त्याची प्रत जवळ ठेवा.

राहिली लेक. 2024 पासून आर्थिक मागास, एसईबीसी आणि इतर मागास वर्गातल्या, वर्षाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिकवणी आणि परीक्षा फी माफ आहे. पण उत्पन्नाचा दाखला पाहिजे. आमच्या मैत्रिणीने अर्ज दिला, महिना होत आला, रोज "उद्या या". प्रवेशाची तारीख तोंडावर आलेली.

इथे चूक आमचीही होती. आम्ही पोचपावतीच मागितली नव्हती. महाराष्ट्रात 2015 पासून लोकसेवा हक्क अधिनियम आहे. जाहीर केलेली सेवा ठरलेल्या मुदतीत द्यावीच लागते, उत्पन्नाच्या दाखल्याला 15 दिवस. कार्यालयात सेवांची मुदत, फी आणि अपील कुणाकडे करायचं याचा फलक लावावा लागतो. दाखला दिला नाही किंवा कारण नसताना नाकारला, तर 30 दिवसांत वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. तिथे नाही जमलं तर दुसरं, आणि शेवटी आयोग. कसूर ठरली तर अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड.

आम्ही नव्याने अर्ज दिला आणि या वेळी क्रमांकाची पावती घेतली. सोळाव्या दिवशी चौघी अपिलाचा कागद घेऊन गेलो. खिडकीतल्या माणसाने तो वाचला, आत गेला, आणि तासाभरात दाखला हातात. अपील द्यावंच लागलं नाही. लेकीचा प्रवेश एक दिवस राखून झाला.

येत्या सोमवारी गटात येताना घरातली बक्षीसपत्रं, घरपट्टीच्या पावत्या आणि अडकलेल्या अर्जांचे क्रमांक घेऊन या. वाचता येत नसेल तर आम्ही वाचून दाखवू. चहा गटाचा.