लक्ष कुठे आहे?



'लक्ष कुठे आहे?' हा प्रश्न वर्गात बहुधा रागावण्यासाठीच विचारला जातो. त्याचे उत्तर कोणी अपेक्षित नाही. ऑटिझम असलेल्या मुलाच्या बाबतीत मात्र तो उत्तर मिळवण्यासाठी विचारला पाहिजे.

1943 साली लिओ कॅनर यांनी 11 मुलांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. 'ऑटिझम' या शब्दाच्या मुळाशी 'स्वतः' अशा अर्थाचा ग्रीक शब्द आहे. त्यावरून मराठीत 'स्वमग्नता' आणि हिंदीत 'स्वलीनता' आली. त्यामुळे असे मूल स्वतःतच बुडालेले असते, असा समज रूढ झाला. प्रत्यक्षात ते पुष्कळदा फिरत्या पंख्यात, नकाशात वा रेल्वेच्या वेळापत्रकात बुडालेले असते. मग्नता खरी, 'स्व' मात्र फसवा.

2005 साली डायना मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची उपपत्ती मांडली. लक्ष प्रत्येकाचेच मर्यादित असते. पाटाचे पाणी बहुतेकांच्या मनात अनेक सऱ्यांत वाटले जाते. ऑटिस्टिक व्यक्तीच्या मनात ते एकाच सरीतून वेगाने धावते. ती सरी भरभरून भिजते, बाजूच्या कोरड्या राहतात. त्याआधी, 1983 साली, अमिता शाह आणि उटा फ्रिथ यांच्या प्रयोगात चित्रात दडलेली आकृती शोधण्यात ऑटिस्टिक मुले तुलनेतील इतर मुलांपेक्षा सरस ठरली होती.

म्हणून हाक मारूनही मूल वळले नाही, तर तो उद्धटपणा समजू नये. धावते पाणी एकाएकी अडवले की बांध फुटतो. मुलाच्या आकांतामागेही अनेकदा हेच कारण असते. नजरेला नजर देताना ऐकणे अवघड जाते, असे अनेक ऑटिस्टिक प्रौढ सांगतात. तेव्हा 'माझ्याकडे बघ' हा आग्रह सोडावा. काम बदलण्यापूर्वी पूर्वसूचना द्यावी, दिवसाचा क्रम चित्रांनी दाखवावा, एका वेळी एकच सूचना द्यावी. वेळापत्रकाची ओढ असेल, तर गणित आणि भूगोल तिथूनच सुरू करावा. अर्थात प्रत्येक मूल वेगळे; एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. परंतु कायदा प्रवेशाचे दार उघडतो. वर्गात जागा शिक्षक आणि पालकच करून देतात.

परप्रांतात राहून, मुलाने त्याच्या भाषेतून शिकावे हे तत्त्व या शाळेने साठ वर्षे जपले. मुलाला त्याच्या लक्षाच्या वाटेने शिकू देणे, हा त्याच तत्त्वाचा पुढचा टप्पा आहे.