एकसारख्या सहा गाड्या

(रौप्यमहोत्सवी सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी, बालमेळाव्यानंतर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे 'मुलांचे छंद'. मी त्यातला एकच छंद घेतो, कारण मला तोच माहीत आहे. दर गणपतीत मागच्या पार्किंगमध्ये रिमोटच्या गाड्यांची शर्यत होते, तिच्याबद्दल आणि तिच्या खर्चाबद्दल बोलतो. त्यात माझी एक चूक आहे. सोसायटीच्या पंचवीस वर्षांच्या हिशेबात तीही लिहिलेली असावी, असं मला वाटतं.

तुम्हाला माहीतच आहे, मी न्हावा शेव्याला कस्टम क्लिअरिंगच्या कामात आहे. बंदर सुरू झालं १९८९ साली. आपल्यापैकी निम्म्या घरांचा पगार या ना त्या वाटेने बंदरातूनच येतो. कोणी सीएफएसमध्ये, कोणी ट्रेलरवर, कोणी सर्व्हेला, कोणी माझ्यासारखं बिल ऑफ एंट्री भरायला. कंटेनर उघडला की खेळण्यांची खोकी मी हजारो बघितली आहेत. त्यामुळे रिमोटची गाडी माझ्यासाठी आधी एक टॅरिफ नंबर होती, ९५०३. ती छंद नंतर झाली.

पहिली शर्यत आपण २०१६ च्या गणपतीत घेतली. अकरा मुलं होती. गाड्या बाजारातल्या साध्या, पाचशे-सातशे रुपयांच्या. अर्ध्या गाड्यांचे रिमोट एकाच फ्रिक्वेन्सीवर होते, त्यामुळे एकाने बटण दाबलं की दुसऱ्याची गाडी वळायची! हसून हसून पुरेवाट झाली. शेवटी चिठ्ठ्या टाकून दोन-दोन मुलं सोडली. ए विंगमधला पाचवीतला एक मुलगा पहिला आला. त्याचे वडील ट्रेलर चालवतात. बक्षीस होता कंपास बॉक्स.

माझा मुलगा सातवा आला. रात्री जेवताना तो गप्प होता. आता इथे मी काय करायला हवं होतं? पाठीवर हात ठेवून म्हणायचं, पुढच्या वर्षी बघू. मी काय केलं, तर पुढच्या वर्षी त्याला छंदवाल्यांची गाडी आणून दिली. एकास चौदा मापाची, स्प्रिंगवाली, चारही चाकांना जोर असलेली. २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट, म्हणजे दुसऱ्याच्या रिमोटची लुडबूड नाही. किंमत ११,५०० रुपये. अर्थातच तो पहिला आला. मी टाळ्या वाजवल्या. चूक म्हणालो ती हीच.

कारण त्यानंतर जे सुरू झालं ते थांबेना. पुढच्या वर्षी बी विंगमधून आणखी चांगली गाडी आली. मग मी ब्रशलेस मोटर बसवली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. साध्या मोटरमध्ये कार्बनचे ब्रश घासत असतात, ते झिजतात, पण ती मोटर स्वस्त असते. ब्रशलेसमध्ये घासणं नाही, म्हणून वेग जास्त आणि आयुष्यही जास्त. पण तिला वेगळा स्पीड कंट्रोलर लागतो. वेग वाढला की प्लास्टिकचे गिअर दात टाकतात, म्हणून धातूचे गिअर. मोटर जास्त करंट ओढते, म्हणून लिथियम पॉलिमर बॅटरी. त्या बॅटरीचे सेल सारखे भरावे लागतात, म्हणून बॅलन्स चार्जर. आणि आपल्या पेव्हर ब्लॉकवर टायर तर खोडरबरासारखे झिजतात. एक भाग बदलला की पुढचा भाग तक्रार करतो.

माझ्या डायरीतला हिशेब वाचून दाखवतो. गाडी ११,५००. मोटर आणि कंट्रोलर ६,८००. दोन बॅटऱ्या ५,२००. चार्जर ३,४००. गिअर वगैरे २,९००. टायरचे तीन जोड ३,६००. एकूण ३३,४००. म्हणजे गाडी घेतली तेव्हा मी खर्चाचा फक्त तिसरा हिस्सा दिला होता. बाकीचा हप्त्याहप्त्याने, आणि खरं सांगतो, सौभाग्यवतींना न सांगता.

त्यात बाहेरची महागाई वेगळी. आपल्या सोसायटीचा ताबा मिळाला तेव्हा डॉलर पंचेचाळीस रुपयांच्या आसपास होता, आता पंच्याऐंशीच्या वर आहे. फेब्रुवारी २०२० च्या बजेटमध्ये खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं. २०२३ मध्ये ७० टक्के. अधिभार आणि जीएसटी बाजूला ठेवला तरी दहा हजारांची जी गाडी आधी बारा हजारांना सुटायची, ती सतरा हजारांना सुटू लागली. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचा शिक्का सक्तीचा झाला, आणि परदेशी कारखान्यालाही तो परवाना घ्यावा लागतो. यात सरकारला दोष द्यायला मी उभा नाही. मुलांच्या तोंडात जाणारं खेळणं तपासलेलं असावं, आपल्याकडचे कारखाने उभे राहावेत, हे बरोबरच आहे. पण वर्षाला पंचवीस सुटे भाग घेणारा छंदवाला या नियमांच्या मधोमध सापडतो. तीनशे रुपयांच्या एका आर्मसाठी गाडी दोन-दोन महिने कपाटावर बसते. आणि गंमत बघा, ज्या बंदरातून ही खोकी देशभर जातात, त्या बंदराच्या कुशीत आपण राहतो!

तरीसुद्धा मी म्हणतो, आपल्या पार्किंगमधली शर्यत शुल्काने मोडली नाही. ती २०१९ लाच मोडली होती, शुल्क वाढायच्या आधी. त्या वर्षी किती गाड्या होत्या माहीत आहे? चार. अकराच्या चार.

ए विंगमधला तो मुलगा तेव्हा आठवीत होता. शर्यतीच्या दिवशी तो गळ्यात शिट्टी आणि हातात झेंडा घेऊन आला. म्हणाला, "काका, मी स्टार्ट देतो." मी म्हटलं, वा, छान, जबाबदार मुलगा आहे. दिवसभर त्याने उन्हात उभं राहून झेंडा दाखवला. दिवाळीत त्याची आई आमच्याकडे फराळाला आली तेव्हा बोलता बोलता म्हणाली, "त्याने गाडी मागितलीच नाही हो. म्हणाला, आई, आता त्या गाड्यांसमोर आपली पळत नाही. निदान झेंडा तरी धरतो." घास घशात अडकणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

आपल्या रायगडात बैलगाड्यांच्या शर्यती पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्यात. मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालाने बंद होत्या, डिसेंबर २०२१ पासून अटींवर पुन्हा सुरू झाल्या. जुनी माणसं सांगतात, पूर्वी शेतातला बैलच शर्यतीला जायचा. आता शर्यतीचा बैल वेगळा, त्याचा खुराक वेगळा, त्याची किंमत लाखांत. मग बाकीचे शेतकरी काय करतात? कडेला उभे राहून बघतात. गाडी बैलाची असो की बॅटरीची, जिंकण्याला मर्यादा घातली नाही की खेळणारे कमी होतात आणि बघणारे वाढतात.

हे जगात इतरांनाही कळलंय. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ साली रिमोटवर चालणारी पोर्शे बाजारात आणली, तेव्हापासून हा छंद घराघरांत गेला. तेव्हापासूनचं भांडण एकच, पैसेवाला पुढे जातो. त्यावर उपायही जुनाच आहे. सगळ्यांना एकच मोटर, एकाच जातीचे टायर, ठरलेली बॅटरी. मोठ्या स्पर्धांतसुद्धा आयोजक स्वतः टायर वाटतात. मग हाताची कसब उरते.

कोरोनाची दोन वर्षं शर्यत झाली नाही, तेव्हा मी आणि मुलाने मिळून नियम लिहिले. २०२२ मध्ये सांस्कृतिक निधी आणि वर्गणीतून एकसारख्या सहा गाड्या घेतल्या, ४,८०० रुपयांची एक. सुटे भाग आणि चार्जर धरून ३६,००० खर्च. म्हणजे माझ्या एकट्याच्या गाडीपेक्षा थोडाच जास्त! मोटर मुद्दाम ब्रशवाली, म्हणजे जळली तर मुलं स्वतः बदलतात. कुठली गाडी कोणाला, ते त्या दिवशी चिठ्ठीने ठरतं. घरची गाडी चालणार नाही. बॅटऱ्या सोसायटीच्या ऑफिसात, मोठ्या माणसासमोर, आग न पकडणाऱ्या पिशवीत चार्ज होतात. रात्रभर लावून ठेवायच्या नाहीत, कारण ही बॅटरी बिघडली तर पेट घेते.

माझा मुलगा आधी रागावला. तेहतीस हजारांची गाडी कपाटावर आणि हातात सोसायटीची गाडी, कुठल्या मुलाला आवडेल? पहिल्या शर्यतीत तो चौथा आला. पण या वेळी जेवताना तो गप्प नव्हता, वळणावर आपलं काय चुकलं ते सांगत होता.

यंदा अठरा मुलं धावली, त्यात पाच मुली. छत्तीस हजार भागिले अठरा, एका मुलामागे दोन हजार, आणि तेही चार वर्षांत.

झेंडा धरणारा तो मुलगा मात्र शर्यतीत परत आला नाही. २०२२ मध्ये तो अकरावीत गेला होता, क्लास होते, वय निघून गेलं होतं. नियम तीन वर्षं उशिरा आले. ते मला भरून देता येणार नाही. पण मुलांच्या गाड्यांचं सोल्डरिंग आज तोच करतो. आत्ताही बहुतेक मागे स्पीकरच्या वायरी बघत असेल.

आता माझं मागणं. सहापैकी दोन गाड्या मोडीत निघाल्या आहेत आणि नव्या पूर्वीच्या भावात मिळणार नाहीत. येत्या सर्वसाधारण सभेत त्यासाठी थोडी तरतूद करावी, आणि मागचं पार्किंग महिन्यातून एका रविवारी चार ते सहा मोकळं द्यावं. ज्यांना आपल्या गाडीवर ओरखडे पडायची भीती आहे, त्यांची गाडी मी स्वतः पुढे लावून देईन. पालकांनाही हात जोडून एक सांगतो. मूल सातवं आलं, तर येऊ द्या. जिंकून देण्यासाठी खिशात हात घालू नका. मी घातला होता.

वेळ संपली, सेक्रेटरी घड्याळ दाखवतायत.