जाळ न दिसणारी भट्टी

आजचा विषय इंडक्शन हीटिंग. आयटीआय किंवा डिप्लोमा झाला की तुमच्यापैकी काही जण रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापूरला जाणार, शिरोली नाहीतर गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एखाद्या फाउंड्रीत लागणार. तिथे पूर्वी कोक जाळणारी क्युपोला भट्टी असायची. आता बऱ्याच ठिकाणी इंडक्शन फर्नेस आहे. तिकडे जालन्यात भंगार वितळवून सळईचं स्टील बनतं, तेही अशाच भट्टीत. ही भट्टी नेमकी चालते कशी, ते आज बघू.

घरातली इंडक्शन शेगडी आठवा. जाळ नाही, तरी भांडं तापतं. काचेखाली तांब्याची कॉइल असते. तिच्यातून सतत दिशा बदलणारा करंट जातो, त्यामुळे भोवतीचं चुंबकीय क्षेत्रही सतत बदलत राहतं. अशा बदलत्या क्षेत्रात धातू आला की त्याच्या आतच करंट फिरायला लागतो. बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून करंट तयार होतो, हे फॅरडेनं 1831 मध्ये दाखवलं. धातूचा रेझिस्टन्स या करंटला अडवतो आणि त्यातून उष्णता निघते. थोडक्यात, इथे धातूला बाहेरून शेक लागत नाही, तो आतूनच तापतो.

पण किती आतून? ते फ्रिक्वेन्सीवर ठरतं. लालबुंद स्टीलमध्ये 1000 हर्ट्झला करंट साधारण 17 मिलिमीटर खोल जातो. 1 लाख हर्ट्झला दोन मिलिमीटरसुद्धा जात नाही. कारखान्यात याचा छान उपयोग करतात. क्रँकशाफ्टचा पृष्ठभाग झिजू नये म्हणून कडक हवा, पण आतला गाभा चिवटच राहायला हवा, नाहीतर शाफ्ट तुटेल. मग जास्त फ्रिक्वेन्सीने फक्त वरचा थर काही सेकंदांत तापवायचा आणि लगेच पाणी मारायचं. झालं इंडक्शन हार्डनिंग.

वेल्डिंगमध्येही हेच. नळाचा लोखंडी पाइप बघा, बऱ्याचदा आत एक उभी रेघ लागते. पट्टी गोल वळवतात, काही लाख हर्ट्झच्या करंटने तिच्या दोन कडाच तापवतात आणि रोलरने दाबून जोडतात. वेल्डिंग रॉड लागतच नाही.

आता परत फाउंड्रीत येऊ. एक टन लोखंड वितळवायला साधारण 600 युनिट वीज जाते. महिन्याला 100 युनिट वापरणाऱ्या घराची ही सहा महिन्यांची वीज! एवढी वीज वाहून नेणारी कॉइल स्वतः का वितळत नाही? कारण ती पोकळ तांब्याच्या नळीची असते आणि तिच्यातून सतत पाणी फिरत असतं.

इथे मात्र नीट लक्ष द्या. एका बाजूला 1400 अंशांच्या पुढचं वितळलेलं लोखंड, दुसऱ्या बाजूला पाणी. मध्ये काय? काही इंच जाडीचं अस्तर, म्हणजे लायनिंग. ते रोज थोडं थोडं झिजतं. अस्तराला भेग पडली आणि लोखंड कॉइलपर्यंत पोचलं, तर नळी फुटते. मग पाण्याची क्षणात वाफ होते आणि स्फोट होतो. ओल्या भंगाराचंही तसंच. पावसात भिजलेला तुकडा किंवा आत पाणी साठलेली बंद नळी रसात पडली, की रस उसळून अंगावर येतो.

म्हणून भट्टीला ग्राउंड लीकेज अलार्म असतो. रस कॉइलच्या जवळ सरकला की तो वाजतो आणि पॉवर बंद करतो. प्रॉडक्शन थांबू नये म्हणून हा अलार्म बायपास करणं म्हणजे जिवाशी खेळ. आणि लाइट गेली तरी पाणी चालू राहायलाच हवं, कारण आतला रस कॉइलला तापवतच असतो.

तेव्हा नोकरीच्या पहिल्याच दिवशी तीन गोष्टी विचारून घ्या. अस्तर शेवटचं कधी बदललं? अलार्म शेवटचा कधी तपासला? लाइट गेल्यावर पाणी कुठून येतं? नवीन पोरगा फार प्रश्न विचारतो असं कोणी म्हटलं तर म्हणू दे. उत्तर मिळेपर्यंत भट्टीजवळ जाऊ नका.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.