टाळ्या मुलाच्या, कमाईही मुलाचीच



आत्ता पहिलीच्या चिमुरड्यांनी नाच केला आणि मांडव टाळ्यांनी दणाणून गेला. आज मी एका अशा मुलाविषयी बोलणार आहे, ज्याच्यासाठी सारं जग टाळ्या वाजवत होतं. त्याचं नाव जॅकी कूगन.

१९२१ साली चार्ली चॅप्लिनचा ‘द किड’ आला. त्यात छोटा जॅकी दगड मारून खिडक्यांच्या काचा फोडतो आणि पाठोपाठ काचा बसवणारा चार्ली तिथे हजर! पुढे अनाथाश्रमाची माणसं त्याला गाडीत घालून नेतात. तेव्हा हात पसरून तो जो आकांत करतो, तो पाहून आजही डोळे भरून येतात. मूकपट असूनही!

या पोराने लाखो डॉलर कमावले. व्यवहार वडील पाहत. १९३५ मध्ये ते मोटार अपघातात गेले. वयात आल्यावर जॅकीने आपले पैसे मागितले, तर आई आणि सावत्र वडिलांनी नकार दिला. अज्ञान मुलाची कमाई आईवडिलांची, असाच तेव्हा अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाचा कायदा होता. १९३८ साली त्याला सख्ख्या आईविरुद्ध कोर्टाची पायरी चढावी लागली. हाती आले जेमतेम सव्वा लाख डॉलर. पण लोक हळहळले आणि १९३९ मध्ये कॅलिफोर्नियाने बालकलाकारांच्या कमाईला संरक्षण देणारा कायदा केला. तो ‘कूगन कायदा’ म्हणूनच ओळखला जातो.

जॅकी खचला नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या मोहिमेत त्याने ग्लायडर चालवलं. १९६४ पासून ‘द ॲडम्स फॅमिली’ मालिकेतला टकलू अंकल फेस्टर म्हणून तो पुन्हा घराघरांत पोचला.

पालकहो, आपल्याकडेही २०१७ पासून नियम आहेत. बालकलाकाराला दिवसाला पाच तासांहून जास्त काम देता येत नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती द्यावीच लागते आणि कमाईतला किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्याच नावे मुदत ठेवीत ठेवावा लागतो. यातला २० टक्के हा कमीत कमी आकडा आहे. उरलेला पैसाही त्याच्याच घामाचा आहे, हे विसरू नका.

मूल गुणी असेल तर ऑडिशनला जरूर न्या. पण त्याची शाळा बुडू देऊ नका, पैशाचा हिशेब चोख ठेवा आणि ते “आता नको” म्हणालं, तर त्याचं ऐका.

बालमित्रांनो, खूप नाचा, गा, नाटकं करा.