कॅमेरा कोणाच्या हाती?



‘व्यसनी’ हा शब्द उच्चारला की माणूस दृष्टीआड होतो आणि उरते ते केवळ त्याचे व्यसन. समाज त्याला उपदेश करतो, पोलीस पकडतात, डॉक्टर तपासतात आणि संशोधक त्याच्याकडून प्रश्नावली भरून घेतात. पण ‘तुझे जग तूच आम्हांला दाखव’ असे त्याला कोण म्हणतो?

असे म्हणणारी एक पद्धत आहे. १९९० नंतरच्या दशकात कॅरोलिन वांग व मेरी ॲन बरिस या विदुषींनी चीनच्या युन्नान प्रांतातील खेडुत स्त्रियांच्या हाती कॅमेरे दिले. त्यांनी आपल्या जीवनाची छायाचित्रे घेतली, एकत्र बसून त्यांवर चर्चा केली आणि आपले म्हणणे अधिकाऱ्यांपुढे मांडले. ‘फोटोव्हॉइस’ नावाची ही पद्धत पुढे अमली पदार्थ घेणाऱ्यांबरोबरच्या संशोधनातही आली.

कॅनडातील व्हँकूव्हर शहराची डाउनटाउन ईस्टसाइड ही वस्ती घ्या. दारिद्र्य आणि हेरॉइन यांमुळे ती संशोधकांच्या व छायाचित्रकारांच्या फार परिचयाची. २००३ साली ‘पिव्हट’ या कायदेविषयक संस्थेने तेथील रहिवाशांनाच कॅमेरे वाटले. त्यांच्या चित्रांची दिनदर्शिका निघाली आणि वस्तीतलेच लोक ती रस्त्यावर विकू लागले.

कोणी विचारील, जेथे माणसे मरतात तेथे चित्रे काढून काय साधणार? प्रश्न रास्त आहे. विषारी मात्रेने होणाऱ्या मृत्यूंमुळे त्या प्रांताला एप्रिल २०१६ मध्ये आणीबाणी जाहीर करावी लागली. चित्राने मरण टळत नाही, हे आम्हांलाही मान्य आहे. परंतु मरण टाळण्याचा मार्ग कोणाला ठाऊक असतो? ज्याचे जळते त्यालाच कळते! अमली पदार्थ घेणाऱ्यांनी तेथे १९९८ च्या सुमारास ‘व्हँडू’ ही स्वतःची संघटना उभारली. परिचारिकांच्या देखरेखीखाली सुई घेण्याचे ‘इनसाइट’ केंद्र २००३ साली उघडले, त्यामागे या संघटनेचाही रेटा होता.

मात्र कॅमेरा देणे म्हणजे उपकार नव्हेत. ज्या कृत्यासाठी तुरुंग आहे, त्याचे चित्र हा पुरावा ठरू शकतो. म्हणून चित्र घेताना संमती हवी आणि ते मांडताना पुन्हा हवी. २०१८ च्या कार्यशाळांतून त्या वस्तीतील लोकांनी संशोधकांसाठी आचाराचा जाहीरनामाच तयार केला. आमच्याकडून घेता, तर आम्हांला परत काय देता, हा त्यातला रोकडा सवाल आहे.

आमचे सांगणे एवढेच. ज्याच्याविषयी आपण बोलतो, त्याला आधी बोलू द्यावे. त्याचे व्यसन सुटेल तेव्हा सुटो. त्याचे माणूसपण तोवर थांबवून ठेवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?